खडूबाईंची बोलकी शाल

खडूबाईंची बाजू घ्यायची असेल त्याने आधी त्यांच्या सुनेच्या पाठीवरच्या फुलीची हकीकत ऐकावी, मग खुशाल घ्यावी.

खडूबाई गिरणीत कापड तपासायच्या. तिरप्या टेबलाला काच, काचेखाली दिवा, काचेवरून ठाण सरकत जायचं. धागा तुटलेला दिसला, गाठ आली, डाग पडला, की बाईंचा खडू तिथे फुली मारायचा. त्या फुलीवर दाद मागायची सोय नव्हती. विणकर तर सांगत, की ठाणावर माशी बसून उडाली तरी बाई ती बसली होती त्या जागी फुली मारतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे खरोखर भोक पडलेलं असतं. नोकरी संपली तेव्हा गिरणीने त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी कपाटात टाकलं. खडूचा डबा मात्र कुणाला न विचारता घरी आणला.

मग काय, घरभर फुल्या. पातेल्याच्या बुडाला काजळी राहिली, फुली. कोपऱ्यात केर राहिला, फुली. ताप बघायला आलेल्या डॉक्टरांच्या कोटाची शिवण उसवली होती, तर नाडी बघून होईपर्यंत त्यांच्याही कोटावर फुली. पण सगळ्यात जास्त खडू झिजला तो सुनेच्या कामावर. एकदा घरात पाहुणे बसले होते. सून पाण्याचे पेले घेऊन आतबाहेर करत होती आणि ती वळली की पाहुणे खाली बघून हसत होते. सगळे गेल्यावर कपडे बदलताना तिला कळलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, वीतभर फुली.

"तुम्ही पाहिली नव्हती?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाहिली ना."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

या नवऱ्याला गल्लीत धोटा म्हणत. मागावर धोटा कसा इकडून मार खाऊन तिकडे जातो आणि तिकडून मार खाऊन परत येतो, तसं याचं आई आणि बायको यांच्यामध्ये आयुष्य चाललं होतं. शिवाय तो विणकर होता, तेव्हा नाव अगदी अंगाबरोबर बेतून शिवल्यासारखं बसलं. माणूस मऊ. इतका मऊ, की त्याच्यावर बसलं तरी समजणार नाही, असं त्याची बायको म्हणायची आणि तिला अनुभव होता.

एके सकाळी खडूबाई खिडकीच्या काचेवर फुली मारत होत्या. एक रेघ झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि बाई तिथेच खाली बसल्या. मेंदूचा झटका. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. उरलं काय, तर डोळे, डोकं आणि उजव्या हाताचं एक बोट. मनगट थोडं सरकायचं, बोट थोडं दाबायचं, बस. डोकं मात्र पूर्वीइतकंच लख्ख. ते गेलं असतं तर बरं झालं असतं, पण बाईंची कुठलीच गोष्ट कधी कुणाच्या सोयीने झाली नाही.

घर एकदम गप्प झालं. सुनेला पहिल्यांदा कळलं की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो.

धोट्याला मात्र ती शांतता सोसेना. तो रोज आईपाशी बसायचा, "आई, काही हवंय का? पाणी? उशी?" असं विचारायचा, आई नुसती बघायची आणि हा रडायचा. एके दिवशी रडता रडता त्याला सुचलं.

तो ज्या कारखान्यात नमुन्याच्या मागावर काम करायचा तिथे एक नवं कापड निघत होतं. सुताबरोबर चांदीचा मुलामा दिलेला धागा विणायचा. हाताला काही वेगळं लागत नाही, दिसायलाही साधंच. पण त्या धाग्यातून अगदी किंचित वीज खेळते. बोट टेकलं की त्या जागची वीज जराशी अंगात ओढली जाते आणि कापडाच्या टोकाला जोडलेली डबी ते बरोबर ओळखते. कारखान्याने अशी बाही केली होती, की मनगटाकडून कोपराकडे बोट फिरवलं की गाणं मोठं व्हायचं. अशी उशी केली होती, की डोकं टेकलं की दिवा विझायचा. बाहीवर गाणं वाजतं, तर शालीवर आई का बोलणार नाही?

साहेबांना त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "विणा की. जमलं तर आपल्या दूरच्या नव्या कारखान्यात याच शालीचे माग टाकू. आणि तिथल्या माणसांना शिकवायला तुम्हालाच धाडू. काही वर्षं राहावं लागेल, आधीच सांगतो."

"आईला सोडून मी कसा जाऊ, साहेब?"

"आई बोलायला लागल्यावर आईलाच विचारा."

हे त्याने घरी येऊन आईच्या उशाशी बसून सांगितलं. सून दारात उभी होती. खडूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. सुनेने पदर नीट केला आणि म्हणाली, "तुम्ही खुशाल जा हो. आईंना मी बघते." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की खडूबाईंचं ते एक बोट चादरीवर वळवळायला लागलं. मुलगा गेला तर घरात कोण उरतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना आता जगात एकच गोष्ट हवी होती. मुलाने जाता कामा नये.

शाल विणून झाली. डबीत भरायला आवाज हवा होता.

"तूच बोल," धोटा बायकोला म्हणाला. "बाईमाणसाचाच आवाज हवा. माझा आवाज आईला कसा शोभेल?"

"आणि माझा शोभेल?"

"पाच तर वाक्यं आहेत, बोल ना."

ती बोलली. पाणी द्या. दुखतंय. मुलाला बोलवा. मजेत आहे. पुरे, आता नको. इतकी वर्षं त्या घरात खालच्या पट्टीत बोलून तिचा आवाज असा मुरला होता, की दगडाला पाझर फुटावा. आता खडूबाईंच्या तोंडी तो आवाज. ज्या आवाजाने "हो आई" म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची, तोच.

चित्रं सुनेने भरली. शालीच्या काठाजवळ, बोट पोचेल अशा बेताने, एका ओळीत पाच ठिपके. डावीकडून पेला, मग रडका चेहरा, मध्ये धोटा, मग हसरा चेहरा, शेवटी आडवा धरलेला पंजा. धोट्याने जशी ओळ सांगितली तशी तिने भरली.

आणि इथे घोळ झाला. असलं नक्षीचं कापड मागावर विणताना सुलट बाजू खाली ठेवतात, म्हणजे कमी धागे उचलावे लागतात. जन्मभर विणकराच्या डोळ्यांपुढे असते ती कापडाची पाठ. धोट्याने मागावरच डबी जोडली, डावीकडचा पहिला ठिपका दाबला, "पाणी द्या" आलं, शेवटचा दाबला, "पुरे" आलं. झालं, खूष. मग शाल उतरवली, सुलट करून बायकोच्या मांडीवर टाकली. कापड उलथलं की डावं ते उजवं होतं, हे शिंप्याच्या ध्यानात आलं असतं, शाळेतल्या पोराच्याही आलं असतं. पण पाठ बघून बघून डोळे तयार झालेल्या विणकराला पाठ हीच सुलट. आणि एकदा तपासलेलं पुन्हा तपासायचं म्हणजे स्वतःच्याच हातावर अविश्वास.

शाल पांघरली. घरातली सगळी, म्हणजे दोघंच, पलंगाशी उभी राहिली.

"आई, दाब," धोटा म्हणाला.

खडूबाईंनी ओळीच्या मधोमध बोट ठेवलं. शाल सुनेच्या आवाजात म्हणाली, "मुलाला बोलवा."

मधला ठिपका उलटा धरा की सुलटा, मधलाच. धोट्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि असा रडला, की डबी ओली होऊन बिघडेल म्हणून सुनेने ती उचलून बाजूला धरली.

त्यानंतर खडूबाईंना तहान लागली. पेल्यावर बोट ठेवलं. शाल म्हणाली, "पुरे, आता नको."

"नको? बरं, पड मग जरा," म्हणून धोटा उठला.

खडूबाईंनी रडक्या चेहऱ्यावर बोट दाबलं.

"मजेत आहे," शाल म्हणाली.

"मजेत आहे म्हणतेय गं आई," धोटा दारातून बायकोला म्हणाला आणि कामावर गेला. त्याने बोट कुठे आहे ते पाहिलंच नव्हतं. तो आईच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याचे स्वतःचे डोळे भरलेले.

सुनेने पाहिलं होतं. ती पलंगाशी आली. तिने स्वतः पेल्यावर बोट टेकवलं. "पुरे, आता नको." पंज्यावर टेकवलं. "पाणी द्या." दोन्ही चेहऱ्यांवर टेकवलं. मग ती खुर्ची ओढून बसली आणि हसली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खडूबाई तिच्याकडे बघत होत्या. हसून झाल्यावर सुनेने डोळे पुसले.

"आई, शाल छान झालीय," ती म्हणाली. "कुठे दोष दिसत नाही."

आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

ते दिवस सुनेच्या आयुष्यातले सोन्याचे. धोटा घरी असला की ती मुद्दाम आईंचे केस विंचरायला बसायची. बारीक दातांची फणी, केसांत गुंता, आणि ही मुळापासून ओढणार. खडूबाईंचं बोट रडक्या चेहऱ्यावर हातोडीसारखं आपटायचं. "मजेत आहे. मजेत आहे. मजेत आहे."

"किती लाड करून घेतेय बघ," धोटा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा. "तुझ्या हाताला गुण आहे."

"आईंनीच शिकवलं सगळं," सून म्हणायची.

पण खडूबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. अख्खं आयुष्य कापडातला दोष शोधण्यात गेलेली बाई. थोड्याच दिवसांत त्यांना उमगलं, की पोराने पाठ आणि तोंड यांत घोटाळा केलाय. त्यांना पोराला एक सणसणीत शिवी द्यायची होती, पण शालीत शिवीचा ठिपका नव्हता. मग त्यांनी उलटा हिशेब धरला. पाणी हवं तर पंजा. दुखलं तर हसरा चेहरा. त्या दिवशी धोटा घरी असताना फणी लागली आणि शाल म्हणाली, "दुखतंय."

धोटा उठून आला. "अगं, हळू. आईला दुखतंय."

"असं कधी म्हणाल्या नव्हत्या."

"आज म्हणतेय ना. जरा माणसासारखं कर."

सुनेची फणी थांबली. तिने खडूबाईंचं बोट पाहिलं. हसऱ्या चेहऱ्यावर होतं. खडूबाईंचे डोळे तिच्यावर होते, आणि तोंड हलत नसलं तरी त्या डोळ्यांत गिरणीतल्या टेबलाचा दिवा लागला होता.

दुपारी सुनेने शाल आणि डबी नीट निरखून पाहिली. शालीच्या काठाला टिचबटणांची एक ओळ होती, डबीच्या पट्टीला तशीच दुसरी. दोन्ही एकमेकांत टिचटिच बसायची. पट्टी काढून तिची टोकं उलटी फिरवून बसवली तरी बटणं तितकीच चपखल बसत होती. फक्त डावं उजवं व्हायचं, म्हणजे आता सगळं बरोबर व्हायचं. तिने पट्टी फिरवली. संध्याकाळी खडूबाईंना तहान लागली. त्यांनी शहाण्यासारखं पंज्यावर बोट ठेवलं.

"पुरे, आता नको."

खडूबाईंनी डोळे मिटले.

मग त्या दोघींचा जो खेळ सुरू झाला, त्याच्यापुढे बुद्धिबळ म्हणजे पोरांची लगोरी. सून पट्टी फिरवायची, खडूबाई शोधून काढायच्या, सून पुन्हा फिरवायची. बटणं उशीच्या आड, तेव्हा खडूबाईंना दिसायचं काही नाही. त्यांना एकच रस्ता होता. आधी एखादा ठिपका दाबून शाल काय म्हणते ऐकायचं आणि त्यावरून आज कुठली बाजू आहे ते ठरवायचं. त्यामुळे झालं असं, की धोटा समोर बसला की त्याची आई एका दमात म्हणायची, "पुरे, आता नको. पाणी द्या. मजेत आहे. दुखतंय." तो पेला घेऊन पुढे यायचा, मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. मागावरही इतक्या खेपा होत नसतील.

शेवटी त्याने डॉक्टरांना बोलावलं. तेच फुलीवाले डॉक्टर. त्यांनी कोट आधी खुर्चीला अडकवला, बाईंपासून लांब.

"असं होतं," ते म्हणाले. "मेंदूला या बाजूने मार बसला की डावं-उजवं गोंधळतं. एक म्हणायचं असतं, मग बोट भरकटतं, चार ठिकाणी जातं. तुम्ही गोंधळू नका. पहिलं बोलतील ते खरं धरायचं. पुढचं सोडून द्यायचं."

"पहिलं ते खरं," धोट्याने घोकलं.

"पहिलं ते खरं," सून मागून म्हणाली, हळूच, चव घेत.

खडूबाईंनी ऐकलं. म्हणजे चाचपून बघायची सोयही गेली. आता एकच डाव आणि तो आंधळा.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. शाल बघायला येतो, सोबत म्हाताऱ्या माणसांची संस्था चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना बऱ्याच शाली हव्यात. त्यांच्यासमोर दाखवा. दूरच्या कारखान्याचं तिथेच ठरवून टाकू.

धोटा आईपाशी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला.

"आई, मी सगळ्यांसमोर तुलाच विचारणार. तू मजेत आहे म्हणालीस तर जाईन. दुखतंय म्हणालीस तर साहेबांना तोंडावर नाही सांगेन. बायको काय म्हणते, साहेब काय म्हणतात, मला काही नको. तू म्हणशील ते."

इतकं ठाम तो जन्मात कधी बोलला नव्हता. आतल्या खोलीत सुनेच्या हातून ताट पडलं.

आता सुनेची पंचाईत बघा. पट्टी उलटी ठेवावी, तर साहेब आणि त्या संस्थेच्या बाई चित्राकडे बघणार, बोटाकडे बघणार. पेल्यावर बोट आणि तोंडी "पुरे", हे धोट्याला दिसलं नाही तरी साहेबाला दिसेल. मग पट्टी कुणी फिरवली इथपर्यंत गोष्ट यायला वेळ लागणार नाही. त्या सकाळी तिने डबी काढून ठेवली, "बॅटरी वाचवते" म्हणाली. पाहुणे दारात आले तेव्हा तिने पट्टी बसवली. सुलट. पेला म्हणजे पाणी, रडका म्हणजे रडका. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा भीतीपोटी का होईना, सचोटीचं काम केलं. आता म्हातारी दुखतंय म्हणणार, नवरा घरी राहणार, आणि पुन्हा "माणसासारखं कर" ऐकावं लागणार. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

खडूबाई मात्र आदल्या दिवसापासून हिशेब मांडत होत्या. पट्टी आज कशी असेल? सकाळपासून शाल मुकी. चाचपायला मिळालं नाही. साहेब येणार, मुलगा विचारणार, त्याच्या जाण्या-राहण्याचा प्रश्न. असल्या दिवशी ही बया पट्टी सुलट ठेवेल? छे. त्यांनी सुनेला इतकी वर्षं उजेडात धरून तपासलं होतं, उलट बाजूने, सुलट बाजूने. तिच्या चांगुलपणावर त्यांनी कधी काडीचा भरवसा ठेवला नव्हता. तिच्या दुष्टपणावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता. आज पट्टी उलटीच असणार. दुखतंय म्हणायचं, तर हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

साहेब आले. संस्थेच्या बाई आल्या. त्यांनी शाल चिमटीत धरून पाहिली, "धुता येते का?" विचारलं, "थंड पाण्यात, हाताने," असं उत्तर मिळालं. मग सगळे पलंगाभोवती उभे राहिले. धोटा गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला. "मी जाऊ का? तू कशी आहेस, ते सांग."

खडूबाईंचं बोट हललं. पेल्यावरून पुढे आलं. रडक्या चेहऱ्यावर क्षणभर थबकलं. बोट तिथून सरकलं, धोट्याच्या चित्रावरून पुढे गेलं, हसऱ्या चेहऱ्यावर आलं आणि बाईंच्या अंगात उरलेली सगळी ताकद लावून दाबलं गेलं.

"मजेत आहे," शाल म्हणाली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या बाईंनी "अगं बाई, किती गोड आवाज" म्हटलं. भिंतीला टेकलेली सून एकदम सरळ झाली. तिला आधी समजेनाच. मग समजलं. म्हातारीने काय मानलं, का मानलं, सगळं समजलं, आणि तिच्या मनात सासूबद्दल पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला.

खडूबाईंनाही समजलं. त्यांनी बोट उचललं आणि रडक्या चेहऱ्याकडे न्यायला सुरुवात केली. पण वाटेतच धोट्याने तो हात पकडला. दोन्ही हातांनी पकडला, छातीशी धरला, त्यावर गाल घासला. "आई, मला माहीत होतं. मला माहीत होतं तू जा म्हणशील." जगातलं ते एकच बोट, आणि ते पोराच्या मुठीत असं प्रेमाने आवळलेलं, की पेर पांढरं पडलं. बाईंनी ओढलं, त्याने आणखी घट्ट धरलं. आई हात दाबतेय म्हणाला.

शेवटी एकदाचा हात सुटला. खडूबाईंनी बोट रडक्या चेहऱ्यावर आपटलं.

"दुखतंय."

धोट्याने आईच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हसत हसत डोळे पुसले.

"खरंच की, फार घट्ट धरला मी. चुकलं, आई."

सगळे हसले. खडूबाईंनी पुन्हा दाबलं. "दुखतंय." पुन्हा. "दुखतंय. दुखतंय."

"आता बोट भरकटलं त्यांचं," सून म्हणाली. "थकल्या ना. डॉक्टरांनी सांगितलंय, पहिलं ते खरं."

"पहिलं ते खरं," धोटा म्हणाला आणि डबीचा खटका बंद केला, आईला विश्रांती मिळावी म्हणून.

दारात निघताना संस्थेच्या बाई साहेबांना म्हणाल्या, "आम्हाला शंभरेक घ्यायला हरकत नाही. फक्त ते रडक्या तोंडाचं चित्र नको. एकीने दाबलं की सगळ्या दाबत बसतील."

"चारच ठेवू," साहेब म्हणाले. "धागाही वाचेल."

धोटा गेला. जाताना बायकोला म्हणाला, "तिला काही कमी पडू देऊ नकोस." ती म्हणाली, "काय बोलता." आणि शब्दाला जागली. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. फणी रोज फिरायची. चहा रोज मिळायचा, तो ओठाला चटका बसेल इतका ताजा. घरात दोघीच म्हटल्यावर पट्टी फिरवण्यातली गंमतही गेली. डबीचा खटका दिवसभर बंदच असायचा.

संध्याकाळी धोट्याचा फोन यायचा, तेवढ्यापुरता उघडायचा. सून फोन शालीजवळ धरायची. खडूबाई बोट रडक्या चेहऱ्याकडे नेऊ लागल्या की ती त्यांचा हात उचलून हळूच चादरीखाली ठेवायची आणि स्वतःचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर टेकवायची. चांदीचा धागा तो, त्याला सासूचं बोट आणि सुनेचं बोट सारखंच.

असे काही महिने गेले. घाम लागून, दूध सांडून, चहा ओघळून शालीतली चांदी काळी पडली. आधी पेला मुका झाला, मग पंजा, मग चेहरे. एके संध्याकाळी फोन आला तेव्हा सुनेने दाबलं, पुन्हा दाबलं, शाल गप्प.

"आई?" फोनमधून धोटा म्हणाला. "आई, कशी आहेस?"

सुनेने शालीकडे पाहिलं. खडूबाईंकडे पाहिलं. खडूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती फोनजवळ वाकली.

"मजेत आहे," सून म्हणाली.

"आज आवाज किती स्पष्ट येतोय," धोटा म्हणाला. त्याला भरून आलं होतं. "अगदी शेजारी बसल्यासारखा. आई, इथे शंभर माग लागलेत तुझ्या शालीचे. पण तुझ्यासारखं कुणी बोलत नाही. दुखत वगैरे नाही ना कुठे? खरं सांग."

खडूबाईंचं बोट चादरीखालून निघालं, रडक्या चेहऱ्यावर पोचलं आणि काळ्या पडलेल्या धाग्यांवर दाबत राहिलं.

"पुरे, आता नको," सून म्हणाली.

"बरं बरं, झोप," धोटा म्हणाला आणि फोन ठेवला.